ओढ्याचे पाणी तपासायला मुलांना शिकवताना: कोणती चाचणी, कुठे आणि केव्हा?

खडूफळा

नमस्कार. नवी मुंबईतील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर पारसिकच्या डोंगरातून उतरणारा एक ओढा आहे. डोंगरात असेपर्यंत तो ओढा असतो, औद्योगिक पट्ट्यात शिरला की लोक त्याला नाला म्हणू लागतात, आणि ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून खारफुटीत गेला की ती खाडी होते. जेमतेम चार-पाच किलोमीटरांच्या प्रवासात एकाच पाण्याची तीन नावे होतात, आणि नेमके हेच मुलांना दाखवावे म्हणून गेल्या वर्षी नववीच्या बावीस मुलांना घेऊन मी पाणी तपासण्याचा उपक्रम केला. त्यात जी फजिती झाली ती आधी सांगतो, म्हणजे माझा प्रश्न कळेल.

साधने साधीच होती: खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दर लीटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवणारा), सामू म्हणजे आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या, अल्कोहोलचा तापमापक आणि दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली. डोंगराच्या पायथ्याला मीटरने ११० दाखवले, मधल्या टप्प्यात ३८०, आणि खालच्या पुलापाशी आकडा इतका चढला की मीटरची मर्यादाच संपली. मुले हरखली. त्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला, खालच्या ठिकाणी लाल रंगाची कवटी काढली आणि ठळक अक्षरांत ‘विषारी नाला’ असे लिहिले. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी तक्ता शांतपणे वाचला आणि विचारले, “बाळांनो, त्या दिवशी भरती किती वाजता होती?” मुलांनी माझ्याकडे पाहिले. मलाही ठाऊक नव्हते.

आमच्या मीटरने विष मोजलेच नव्हते, समुद्राचे मीठ मोजले होते. समुद्राच्या एका लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आमच्या मीटरची झेप दहा ग्रॅमांच्या आतच संपते. नाल्यात सांडपाणी नाही असे मी म्हणत नाही, ते तर नाकालाही कळते. पण आम्ही जो आकडा पुरावा म्हणून मिरवला त्याचा सांडपाण्याशी जवळजवळ काहीच संबंध नव्हता.

यंदा आठवी आणि नववीची मिळून चाळीस मुले आहेत, खर्चाला पाच-सहा हजार रुपये आहेत आणि पावसाळा संपल्यापासून वार्षिक परीक्षेच्या तयारीपर्यंतचे महिने हाताशी आहेत. कोणत्या चाचण्या घ्याव्यात, कुठे आणि केव्हा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ब्युरेट

सर, मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. चूक कबूल करून सुरू झालेला धागा विरळाच, म्हणून सविस्तर लिहितो.

टीडीएस मीटर प्रत्यक्षात विरघळलेले पदार्थ मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. काही मीटर ०.५ ने गुणतात, तर काही ०.७ ने. त्यामुळे दोन मुलांनी दोन कंपन्यांचे मीटर एकाच बादलीत बुडवले तरी आकडे वेगळे येतात आणि दोघेही खरे बोलत असतात. एक सोपी परीक्षा सांगतो. एक लीटर ऊर्ध्वपातित पाण्यात नीट तोललेले एक ग्रॅम मीठ विरघळवा. ०.५ चा मीटर सुमारे १००० दाखवेल आणि ०.७ चा सुमारे १४००. ओढ्यावर जाण्याआधीचा पहिला तास यातच घालवा. आपले यंत्र काय दाखवते आणि का दाखवते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते ओढ्यात बुडवू नये, असे माझे जुने मत आहे.

आता मुख्य मुद्दा. सांडपाण्याची खरी चाहूल विरघळलेल्या प्राणवायूवरून लागते. हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला दर लीटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६. तुमच्या डोंगरातल्या खळाळत्या पाण्यात आकडा याच्या आसपास यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार स्नानासाठीच्या पाण्यात किमान ५ आणि मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. सांडपाणी मिसळले की जिवाणू ते खाताना हा साठा संपवतात. मात्र खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना तो ६.८ च्या आसपास असतो, त्यामुळे खालच्या पुलापाशी तुलना करताना हेही ध्यानात ठेवावे लागेल.

प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि शाळेत दाखवण्यासारखा इतका सुंदर प्रयोग दुसरा नाही. अरुंद तोंडाची, काचेच्या बुचाची ३०० मिलिलीटरची बाटली पाण्याखालीच भरायची आणि एकही बुडबुडा राहू न देता बूच लावायचे. मग मँगनीज सल्फेटचे द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण बाटलीच्या तळाशी हलकेच सोडून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. अजिबात नसेल तर साका दुधासारखा पांढरा राहतो. डोंगरातली बाटली आणि नाल्यातली बाटली शेजारी शेजारी ठेवली की पुढचे अनुमापन (थेंबाथेंबाने द्रावण घालून करायची मोजणी) न करताच मुलांना निम्मे कळते. त्यानंतर सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळून पाणी आयोडीनमुळे पिवळे होते. त्यातले २०० मिलिलीटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन केले तर लागलेला प्रत्येक मिलिलीटर म्हणजे दर लीटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू. शेवटाकडे थोडे स्टार्च घालतात, त्याने आलेला निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. तो क्षण पाहायला माझ्या प्रयोगशाळेतले शिपाईसुद्धा थांबत असत.

एक इशारा. या पद्धतीच्या प्रचलित रूपात अझाइड असते. सांडपाण्यातल्या नायट्राइटमुळे आकडा फुगतो, तो फुगू नये म्हणून ते घालतात. पण सोडियम अझाइड अत्यंत विषारी आहे आणि मुलांच्या हाती ते कदापि देऊ नये. रसायने शिक्षकांनी हातमोजे आणि चष्मा घालून स्वतः टाकावीत, मुलांनी पाहावे, आणि थायोसल्फेटचे अनुमापन मात्र मुलांनी करावे.

शंकेखोर

प्रामाणिकपणे विचारतो. चाळीस मुलांतली पाच मुले मोजणार आणि पस्तीस मुले त्यांचे आकडे वहीत उतरवणार. आम्हीही तेच केले होते. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ येईपर्यंत वेळ बदलत बसायचो. ओढ्यावर जाऊन वेगळे काय होणार?

खडूफळा

शंकेखोर, तुमच्या शंकेत तथ्य आहे. लोलकाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते, म्हणून मुले त्या उत्तराकडे आकडे ढकलतात. ओढ्याचे उत्तर कुठेच छापलेले नसते. पण ‘खाली घाण, वर स्वच्छ’ हे उत्तर मुलांच्या डोक्यात मोजणीआधीच छापलेले असते आणि आमच्या कवटीचे मूळ तेच होते. त्यावर काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.

ब्युरेट

त्यावर प्रयोगशाळेत एक जुना उपाय आहे. बाटल्यांवर ठिकाणाचे नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक लिहायचा, आणि कोणता क्रमांक कुठला ही यादी एकाच मुलीच्या खिशात ठेवायची. एकाच बादलीतले पाणी दोन वेगवेगळ्या क्रमांकांच्या बाटल्यांत भरायचे आणि एका बाटलीत गुपचूप शाळेच्या नळाचे पाणी भरायचे. मोजणाऱ्या गटांना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. यादी उघडल्यावर जुळ्या बाटल्यांच्या आकड्यांत जेवढा फरक निघेल, तेवढी तुमच्या मोजणीची चूक समजावी. दोन ठिकाणांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच त्याबद्दल बोलावे. नळाच्या पाण्यात ज्या गटाला घाण ‘सापडेल’ त्या गटाला मात्र हसू नका. आमच्याकडेही असे घडले आहे, आणि तेव्हा हसणारा मीच होतो. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली.

खाडीकाठचा

मी घणसोलीच्या बाजूचा. आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मासेमारी आणि खाऱ्या जमिनीतली भातशेती दोन्ही होती. भरती केव्हा होती हे गुरुजींना ठाऊक नव्हते, याचे मला नवल वाटले नाही, कारण आता गावातल्या पोरांनाही ते ठाऊक नसते. आजा मात्र घड्याळ न पाहता सांगायचा. तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्याच्या आधी आणि नंतर साधारण सहा-सव्वासहा तासांनी सुकती पूर्ण होते, म्हणजे पुस्तकी भाषेत ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते आणि खाडीत आत जावे तसा उशीर वाढतो, म्हणून भरतीचे छापील कोष्टकही पाहावे. पण मुलांना हिशेब तोंडी करता आला पाहिजे.

दुसरे असे की उधाण आणि भांग यांत फरक करा. अमावस्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ दोन-तीन दिवस उधाणाचे पाणी नाल्यात खूप आतवर शिरते, तर अष्टमी-दशमीच्या भांगेला ते निम्म्या वाटेवरूनच मागे फिरते. त्यामुळे एकच पूल एका शनिवारी खाडीत असतो आणि पुढच्या शनिवारी नाल्यात. सिडकोने बांधलेले धारण तलाव आहेत, त्यांच्या झडपा भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. आमच्या जुन्या बांधांना उघाडी असायची, तीच ही युक्ती, फक्त काँक्रीटमध्ये. तुमचा पूल अशा झडपेच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहून घ्या. आत असेल तर माझा सगळा हिशेब तिथे लागू होणार नाही.

आठवीची आई

विषय चांगला आहे, पण पालक म्हणून मला भीती वाटते ती सांगते. नाल्याच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाला साधे खरचटलेले असले तरी लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आमच्या इमारतीतल्या एका मुलाला पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यामुळे तो झाला होता. शिवाय डोंगरात पाऊस झाला की ओढ्याला अचानक लोंढा येतो, खाली ऊन असले तरी. शाळेने याचा काय विचार केला आहे?

खडूफळा

ताई, भीती रास्त आहे. पावसाळ्यात जायचे नाही हे ठरलेलेच आहे. औद्योगिक पट्ट्यात आणि त्याच्या खाली कोणीही पाण्यात उतरणार नाही. तिथे पुलावरून दोरीने बादली सोडायची, हातमोजे घालायचे, आणि पायाला जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी नोंदवही सांभाळायची. पाण्यात पाय घालायचा तो फक्त डोंगराच्या पायथ्याला, घोट्यापर्यंत, आणि तोही बूट घालून. परतल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज डबा उघडायचा नाही. पालकांचे लेखी संमतीपत्र घेतो. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असते, आणि तुम्ही येणार असाल तर दर आठ मुलांमागे एक होईल.

येऊरची वाट

मी ठाण्यात राहते आणि येऊरच्या बाजूला मुलांचे निसर्गवर्ग घेते. ब्युरेट काकांची बाटली सुंदर आहे, पण बाटलीला एक मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. बाटली भरली त्या क्षणाचेच पाणी ती सांगते. शेवाळ भरपूर असलेल्या डबक्यात दुपारी तीन वाजता प्राणवायू मोजलात तर आकडा समतोलाच्याही वर जाईल, कारण ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडत असते. त्याच डबक्यात पहाटे मोजलात तर मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतील. शाळेच्या सहली दुपारीच जातात, त्यामुळे नाल्याला नेहमी चांगले गुण मिळतात.

ओढ्यातले किडे मात्र तिथे रात्रंदिवस राहतात. पहाटेचा प्राणवायू ज्याला पुरला नाही तो आता तिथे नसतो. म्हणून मी मुलांना आधी दगड उलटायला शिकवते. उथळ, वाहत्या पाण्यात हाताएवढा दगड निवडायचा, त्याच्या खालच्या अंगाला घरची पिठाची चाळणी धरायची, दगड अलगद उचलायचा आणि त्याची खालची बाजू पांढऱ्या ताटलीत बोटाने हलकेच चोळून धुवायची. पहिले मिनिटभर ताटलीत नुसता गाळ दिसतो आणि मुले कंटाळतात. मग गाळाचा एक कण चालू लागतो. भिंगाखाली पाहिले की पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले थरथरताना दिसतात आणि मागे तीन लांब शेपट्या. हे मेफ्लायचे पिल्लू. आमच्या वर्गाने त्याचे नाव ‘त्रिशूळ्या’ ठेवले आहे आणि मला ते पुस्तकातल्या नावापेक्षा आवडते. दोनच शेपट्या आणि पोटाच्या बाजूला कल्ले नाहीत, असा दिसला तर तो स्टोनफ्लाय. बारीक खडे आणि पानांचे तुकडे चिकटवून केलेल्या नळीत राहणारी अळी कॅडिसफ्लायची. हे तिघे प्राणवायूच्या बाबतीत फार नाजूक. चतुर आणि टाचणीची पिल्ले मध्यम सोशिक. लालभडक अळ्या दिसू लागल्या की समजावे प्राणवायूची चणचण आहे, कारण त्यांचा लाल रंग आपल्या रक्तात असते तशाच हिमोग्लोबिनचा, आणि कमी प्राणवायूतही तो त्यांना जगवतो. केंद्रीय मंडळानेही या किड्यांवर आधारलेली जैविक गुणांकन पद्धत स्वीकारलेली आहे, तेव्हा हा निव्वळ निसर्गवर्गाचा खेळ समजू नये. किडे मोजून झाले की परत ओढ्यात सोडायचे आणि दगड होता तसा ठेवायचा.

वेळेबद्दल सांगायचे तर पावसाळा संपल्यावर लगेच जाऊ नका. लोंढ्याने सगळे वाहून नेलेले असते आणि वस्ती पुन्हा बसायला काही आठवडे लागतात. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचे बहुतेक ओढे तुटक डोहांत उरतात आणि तो वेगळाच अभ्यास होतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, त्यामुळे तिकडे वनखात्याची लेखी परवानगी लागते. पारसिकच्या बाजूलाही आपली जागा कोणाच्या ताब्यात आहे ते विचारून घ्या.

खाडीकाठचा

ताईंनी किड्यांचे सांगितले त्यावरून आठवले. पहिल्या पावसात खाडीकडचे मासे नाल्यातून वर शेतात चढायचे, त्याला आम्ही वळगण म्हणतो. रात्री बत्ती घेऊन सगळे गाव बांधावर असायचे. मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारावे की शेवटची वळगण कोणत्या साली पाहिली आणि कोणत्या जागी. उत्तरे नकाशावर मांडली तर मासे कुठपर्यंत यायचे याची एक रेघ मिळेल. मीटरला ती रेघ सापडणार नाही.

घोडबंदरकर

एवढे सगळे करणार आहात तर आकड्यांचा उपयोगही करा. आमच्या गृहसंकुलामागच्या नाल्याला आठवड्यातून दोनदा फेस येतो. मुलांचे आकडे जोडून तक्रार केली तर कुणाला तरी हलावे लागेल. नुसते शिकण्यासाठी मोजणे ही मला तरी चैन वाटते.

ब्युरेट

घोडबंदरकर, तळमळ समजते, पण दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्यात नमुना कसा घ्यायचा याची रीत कलम २१ मध्ये घालून दिलेली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, ते मोहोरबंद करायचे आणि दोघांनी त्यावर सही करायची. ही रीत पाळलेली नसेल तर तो अहवाल कोर्टात पुरावा ठरत नाही, मग मोजणारा आठवीतला असो की डॉक्टरेट मिळवलेला. मुलांच्या आकड्यांना तिथे उभे केले तर पहिल्याच उलटतपासणीत मुलांचे हसे होईल.

पण तक्रारीसाठी पुरावा लागत नाही, माहिती लागते. फेस कोणत्या वारी, किती वाजता आला, कोणत्या पुलाच्या वर होता आणि खाली होता का, भरती होती की ओहोटी, एवढी नोंद तीन महिने सलग ठेवली तर अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी कुठे उभे राहायचे हे त्याला कळते. ते काम मुले उत्तम करतात आणि त्याला एकही रसायन लागत नाही. जाता जाता सांगतो, त्या कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ या शब्दात वाहणारा तसाच तूर्तास कोरडा पडलेला जलमार्गही येतो, शिवाय भूगर्भातले पाणी आणि भरतीचे पाणीही. एप्रिलमध्ये ‘इथे ओढाच नाही’ असे कोणी म्हणाले तर ही व्याख्या दाखवावी.

आणखी एक. बीओडी, म्हणजे सांडपाणी कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, मोजण्याचा मोह धरू नका. आपल्याकडे त्यासाठी २७ अंशांना तीन दिवस बाटल्या ठेवाव्या लागतात आणि शाळेत तसे कपाट नसते. त्याऐवजी मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरा, मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. नमुना बाटलीत काठोकाठ भरायचा, सगळ्या बाटल्यांत सारखेच मोजून थेंब टाकायचे, बुडबुडा न ठेवता बूच लावायचे आणि बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवून रोज एकदा पाहायच्या. बाटलीतला प्राणवायू संपला की निळा रंग उडतो. जितके सांडपाणी अधिक, तितका रंग लवकर उडतो. दुधाच्या डेअरीत दुधातले जिवाणू ताडायला हीच युक्ती वापरतात. आकडा मिळत नाही, क्रम मिळतो, आणि शाळेला क्रम पुरतो.

आठवीची आई

जिवाणू तपासण्याची काळी पडणारी बाटली मिळते, ती चालेल का? आमच्या संकुलात टाकीच्या पाण्यासाठी ती वापरतात.

ब्युरेट

ती हायड्रोजन सल्फाइडची चाचणी. ही पद्धत १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली आणि पिण्याच्या पाण्यासाठी ती फार कामाची आहे. पण ओढ्याचे पाणी गुरे, पक्षी, माती या सगळ्यांतून येते, त्यामुळे वस्तीखालची प्रत्येक बाटली काळी पडेल आणि मुले पुन्हा कवटी काढायला बसतील. टाकीपुरतीच ठेवा.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. पहिली फेरी काल झाली, तिचा वृत्तांत देतो.

मुद्दाम कृष्ण चतुर्थी निवडली. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती तीन वाजता आणि ओहोटी नऊच्या आधी यायला हवी होती, छापील कोष्टकात दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत जुळल्या. खालचा पूल झडपेच्या बाहेर आहे, नाला थेट खारफुटीत जातो, हेही पाहून घेतले. संकष्टी असल्याने तीन मुलांचा उपास होता, त्यांच्यासाठी केळी नेली होती.

या वेळी चार दिशांना पळायचे नाही असे ठरवले. चाळीस मुले, एकच पूल, एकच दिवस. कठड्यावर एक खूण केली आणि बादली तिथूनच सोडली. पावणेनऊला टीडीएस ६४०, तीन वाजता मीटर पुन्हा मर्यादेबाहेर. मीटर तोच, खूण तीच, बादली धरणारी मुलगीही तीच. गेल्या वर्षीचा तक्ता काढणाऱ्यांपैकी दोन मुले आता दहावीत आहेत, त्यांना मुद्दाम बोलावले होते. त्यातला एक बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग आपण सकाळी आलो असतो तर कवटी काढलीच नसती.”

मधल्या वेळात प्रवाहाचा वेग मोजला. सकाळी पाणी खाडीकडे वाहत असताना दहा मीटर अंतर मोजून दोरीच्या दोन खुणा केल्या आणि वरच्या खुणेपाशी लिंबू सोडले, कारण लिंबू बहुतांशी बुडून तरंगते आणि वाऱ्याने भरकटत नाही. तिसरे लिंबू सोडताना पुलावरून जाणाऱ्या एका आजी थांबल्या आणि “कोणाची नजर उतरवताय रे?” असे विचारून गेल्या. तीन लिंबांच्या वेळा २६, २९ आणि २७ सेकंद आल्या. दुपारी भरती चढताना तेच करायला गेलो तर लिंबू आधी जागीच घुटमळले आणि मग उलटे डोंगराच्या दिशेने निघाले. मुलांनी जो आरडाओरडा केला तो ऐकून बाजूच्या चौकीतला पहारेकरी धावत आला. प्राणवायूच्या बाटल्या पुढच्या फेरीत.

आता अडचण. परतताना एका मुलीने विचारले की सकाळच्या ६४० मध्ये नाल्याचे स्वतःचे किती आणि आदल्या भरतीचे चिखलात उरलेले मीठ किती. मधल्या टप्प्यात ३८० होते, म्हणजे फरक सगळा मिठाचाच, असे तिने गृहीत धरले नाही, याचा मला आनंद झाला. पण मला उत्तर देता आले नाही. ब्युरेट काका, काही युक्ती आहे का?

ब्युरेट

आहे, आणि नवीन साधन लागत नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या तीन तास आधीपासून दर पंधरा मिनिटांनी त्याच खुणेवरून मोजा आणि आलेख काढा. आकडा आधी झपाट्याने उतरेल. शेवटच्या तासाभरात रेघ आडवी झाली तर उरलेला आकडा बहुतांशी नाल्याचा स्वतःचा समजा. भरती उलटेपर्यंत रेघ उतरतच राहिली तर मीठ अजून निथळते आहे, आणि त्या दिवशी तिच्या प्रश्नाला उत्तर नाही असे वहीत लिहा. त्याच दिवशी मधल्या टप्प्यावरही एक गट बसवा, म्हणजे जुन्या ३८० वर विसंबावे लागणार नाही.

खाडीकाठचा

आणि हे उधाणाला करू नका. दशमीला जा. दशमीची भरती साडेसातला, म्हणजे सुकती दुपारी पावणेदोनच्या सुमारास पूर्ण होईल आणि पावणेअकराला पहिली बादली सोडता येईल. भांगेचे पाणी तुमच्या पुलापर्यंत पोचलेच नाही तर सकाळपासूनच रेघ आडवी दिसेल. दोन्हींपैकी काय झाले ते इथे लिहा, मलाही पाहायचे आहे.

आठवीची आई

दशमी शनिवारी येत असेल तर मी येते. लिंबे माझ्याकडून.